तीन फुटांच्या फरकावर वसलेलं गाव: कुर्डुवाडी, बार्शी, केम, करमाळा

सोलापूरला येणारा पाहुणा सिद्धेश्वराचं दर्शन घेतो, अक्कलकोटला जातो, जमलं तर पंढरपूर-तुळजापूर उरकतो आणि चादरी-टॉवेल घेऊन परततो. कुर्डुवाडी त्याला माहीत असते ती खिडकीतून दिसणारी पाटी म्हणून. आम्ही सोलापूरकर तरी कुठं वेगळे आहोत? जिल्ह्याची ही उत्तरेकडची बाजू मी आजवर फक्त ओलांडली होती, उतरून बघितली नव्हती.

यंदा फेब्रुवारीअखेर आत्या लातूरहून आमच्याकडे राहायला आली होती. आमचं मूळ घर बार्शीचं. वडील नोकरीसाठी सोलापुरात आले आणि आत्या लग्न होऊन लातूरला गेली. पंचाहत्तरी ओलांडली तरी तिचे पाय शाबूत आहेत आणि तोंड त्याहून. मी म्हटलं, देवळं एखाददुसरीच करू, बाकी पेठा, गिरण्या, आडती आणि स्टेशनं बघू. ती म्हणाली, "स्टेशनात काय बघायचंय गं?" आणि पिशवी भरायला लागली.

शुक्रवार: कुर्डुवाडी

सोलापूरहून कुर्डुवाडी साधारण ऐंशी किलोमीटर. सकाळच्या गाडीनं सव्वा तासात पोहोचलो. ऊन अजून तापलं नव्हतं, फलाटावर गार वारा होता.

ह्या गावाचा जन्म एका गैरसोयीतून झालाय. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची लाईन १८५९-६० मध्ये इथून गेली. त्या वेळी ह्या भागातली मोठी बाजारपेठ होती बार्शी. बालाघाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे मराठवाड्यातला कापूस, जवस, करडई सगळं घाट उतरून तिथं येई. पण रुळांनी बार्शीला बगल दिली. मग पस्तीस किलोमीटर दूरच्या, माळावरच्या ह्या स्टेशनाला नाव दिलं गेलं ‘बार्सी रोड’. पुढची सदतीस-अडतीस वर्षं बार्शीचा माल बैलगाड्यांतून इथं येत राहिला.

त्यावर तोड काढली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं. हा १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत नोकरीला आला होता. त्याचं म्हणणं असं की छोटी गाडी म्हणजे खेळण्यातली गाडी नव्हे. रूळ अडीच फुटी ठेवा, पण इंजिन असो की डबा, प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही असं सगळं बेता. मग हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली. लीड्सजवळ चाचणीपुरते रूळ टाकून इंजिन-डबे तपासले गेले आणि १८९७ मध्ये बार्सी रोड ते बार्शी गाडी धावू लागली.

स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर एक रेल्वेतले निवृत्त गृहस्थ भेटले. आत्यानं "तुम्ही इथलेच का हो दादा?" एवढंच विचारलं आणि ते तासभर बोलले. त्यांचे वडील मालधक्क्यावर हमाल होते. मोठ्या लाईनची रुंदी साडेपाच फूट आणि छोटीची अडीच. मधल्या तीन फुटांमुळे एकही डबा सलग पुढं जाऊ शकत नव्हता. बार्शीहून आलेली कापसाची प्रत्येक गाठ, प्रत्येक पोतं इथं उतरवायचं आणि शेजारच्या मोठ्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, चढवायचं. मुंबईहून आलेलं मीठ, लोखंड, रॉकेल उलट दिशेनं.

"आमच्या वडलांची पाठ म्हणजे पूल होता बघा," ते म्हणाले, "ह्या गाडीचा त्या गाडीला."

कुर्डुवाडीतल्या जुन्या धंद्यांचा पत्ता ह्या एका वाक्यात आहे. हमाल आले म्हणून खानावळी आल्या, गाड्या बदलायला माणसं थांबली म्हणून लॉज आले, इंजिनं दुरुस्त करायला वर्कशॉप आलं, वर्कशॉपच्या पगारावर किराण्याची उधारी चालली. गंमत म्हणजे ह्याच कॅलथ्रॉपनं १९०४ साली इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यात अशीच अडीच फुटी लाईन बांधली तेव्हा मोठ्या लाईनच्या वाघिणी जशाच्या तशा छोट्या गाडीवर चढवून नेणाऱ्या खास गाड्या केल्या. तिथं हमालाची गरज उरली नाही. इथं माणसाची पाठ स्वस्त होती, त्यामुळे तसं कुणाच्या डोक्यात आलं नसावं, असं आपलं माझं मत. ती इंग्लंडची लाईन १९३४ मध्ये बंदही पडली. आपली मात्र १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली आणि एकविसाव्या शतकापर्यंत चालली. १९५४ साली सरकारनं ती कंपनीकडून ताब्यात घेतली.

जाता जाता: हाच कॅलथ्रॉप पुढं वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या नादी लागला. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉईसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान अपघातात गेला, तेव्हापासून. बार्शी लाईटचा माणूस आणि पॅराशूट, हे मला घरी आल्यावरही पचत नव्हतं.

वर्कशॉपच्या भिंतीकडेनं चालत गेलो. आत बाहेरच्यांना सोडत नाहीत. माथेरानच्या गाडीचे डबेसुद्धा दुरुस्तीसाठी इथं येत, हे त्या गृहस्थांनी अभिमानानं दोनदा सांगितलं. शेजारच्या रेल्वे कॉलनीत काळ्या दगडाच्या भिंती, कौलं आणि लिंबाची झाडं. काही घरांना कुलपं होती, एका ओसरीत पापड वाळत होते.

पंढरपूरची लाईन रुंद झाली २००२ च्या सुमारास आणि लातूरची २००८ मध्ये. तीन फुटांचा फरक मिटला. दुपारी ज्या खानावळीत जेवलो तिथल्या मालकांना विचारलं, धंदा वाढला का? "गाड्या वाढल्या. पण आता माणूस मुंबईत बसतो ते थेट लातूरला उतरतो. इथं फक्त झोपेत कूस बदलतो." जेवण मात्र झकास होतं: ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी आणि वर दह्याची वाटी.

ह्याच रुळांवरून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. पहिल्या खेपेला दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. आत्या तेव्हा लातुरात घागरी मोजत होती. "गेज बदललं नसतं तर पाण्याच्या टाक्यापण इथं ओतून घ्याव्या लागल्या असत्या," असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "मग निम्मं पाणी कुर्डुवाडीकरांनीच प्यायलं असतं."

कुर्डुवाडीत राहायची सोय साधीच आहे. अर्धा दिवस पुरतो. स्टेशन आणि वर्कशॉपच्या आवारात फोटो काढायचे तर आधी विचारून घ्या. बार्शीला जायला एसटी सतत असतात. रेल्वेचा हट्ट धरू नका, वेळा सोयीच्या असतीलच असं नाही.

शनिवार: बार्शी

रात्रीच बार्शीत येऊन स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो होतो. सकाळी धपाटे, दही आणि पुन्हा शेंगाची चटणी. ही चटणी उखळातली होती, तेल सुटलेली. सोलापुरात राहून मी ह्या बाबतीत शिष्ट झालेय, तरी दुसऱ्यांदा मागून घेतली.

आधी भगवंत. विष्णूचं ‘भगवंत’ ह्या नावानं देऊळ बार्शीतच. हेमाडपंती बांधणी, १२४५ सालचं असं सांगतात. अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रताची कथा ह्या देवाशी जोडलेली आहे आणि मूर्तीच्या पाठीशी लक्ष्मी आहे. पंढरपूरची एकादशी करून बार्शीला द्वादशी सोडायची, ही वारकऱ्यांची जुनी रीत. म्हणजे बघा, रेल्वेनं पंढरपूर आणि बार्शी जोडायच्या कितीतरी आधी पायांनी ती जोडलेली होती. १९०६ मध्ये पंढरपूरची लाईन टाकताना कंपनीला गिऱ्हाईक शोधावं लागलं नसणार.

देवळापासून बाजारपेठेतून चालताना आत्यानं मला एक गोष्ट दाखवली. ती पाहिल्यावर सगळ्या प्रवासात माझी नजर तिथंच जात राहिली. जुन्या दुकानांचे दगडी ओटे. काही ओटे गुडघ्याएवढे, काही मात्र चांगले कमरेएवढे उंच. "उंच ओटा असेल तर तो आडत्या," आत्या म्हणाली. बैलगाडी पाठीमागून ओट्याला लावायची, गाडीची साटी आणि ओटा एका पातळीत आले की पोतं उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं. गुडघ्याएवढा ओटा कापडवाल्याचा, कारण तिथं गिऱ्हाईक बसतं. ओटा बघून धंदा ओळखायचा. आता त्या कमरेएवढ्या ओट्यांना मधोमध फोडून पायऱ्या केल्यात आणि वर मोबाईलची कव्हरं टांगलीत. एका ठिकाणी ओटा तसाच होता, त्यावर शिलाईमशीन घेऊन एक काका बसले होते. उंचीचा फायदा विचारला तर म्हणाले, "कुत्रं वर येत नाही."

आमचं जुनं घर जिथं होतं तिथं आता तीन मजली इमारत आहे. मला वाटलं आत्या गहिवरेल. तिनं वर पाहिलं, म्हणाली, "बरं झालं. त्या घरात नळाला कधी पाणी आलं नाही," आणि शेजारच्या दुकानात हिंग घ्यायला शिरली.

दहाच्या सुमारास मार्केट यार्डात गेलो. तूर, उडीद, ज्वारी ह्यांच्यासाठी बार्शीचा बाजार नावाजलेला, पण फेब्रुवारीअखेर जायचं ते चिंचेसाठी. यार्डात शिरण्याआधीच दात आंबतात. फोडलेल्या चिंचेचे ढीग, त्याभोवती आडते, हमाल, मापाडी, लिलाव पुकारणारा पुढं आणि खरेदीदारांचा घोळका मागं. हातात चिमूटभर चिंच घ्यायची, दाबायची, रंग बघायचा, जिभेला लावायची. एका शेतकऱ्याला विचारलं, बाग आहे का चिंचेची? तो हसला. "बाग कशाची ताई, बांधावरची झाडं. पाऊस पडो न पडो, चिंच येतीच." दुष्काळी भागातलं हे हुकमी पीक. झाडं फळावर असतानाच व्यापारी घेतात, झोडपून खाली पाडतात, मग घरोघरी बाया ती फोडतात आणि चिंचोके वेगळे करतात.

चिंचोक्यांचं काय होतं? त्यांची पूड करून खळ करतात आणि ती सुताला देतात, म्हणजे ताण्याचा धागा मागावर तुटत नाही. धनगरांच्या घोंगडीलाही चिंचोक्याचीच खळ. सोलापूर-बार्शीच्या गिरण्या आणि माग एकीकडे, बांधावरची चिंच दुसरीकडे, आणि मधे ही खळ. एवढी वर्षं चिंच आमटीत घातली, पण हा धागा कधी माझ्या लक्षात आला नव्हता.

गिरण्यांकडे वळलो ते दुपारी, आणि दुपार चांगलीच तापली होती. बार्शीत लोकमान्य मिल होती, जयशंकर मिल होती. जयशंकर म्हणजे पुढची राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची बार्शी टेक्सटाईल मिल. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या देशभरातल्या गिरण्या थांबल्या, त्यात हीसुद्धा. आम्ही गेलो तेव्हा फाटक बंद होतं. समोरच्या उसाच्या रसवाल्यानं सांगितलं की पाळी सुटली की त्याच्या वडिलांच्या गाड्यावर रांग लागायची. "आता?" "आता क्लासची पोरं येतात."

हे त्यानं सहज सांगितलं, पण बार्शीचं आजचं गणित त्यातच आहे. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ मध्ये इथं शिक्षणसंस्था उभी केली, तिची महाविद्यालयं आहेत. कॅन्सरचं रुग्णालय आहे, बाकी दवाखाने तर गल्लोगल्ली. परांडा रोड, लातूर रोड ह्या ज्या रस्त्यांनी घाटावरचा कापूस उतरायचा, त्याच रस्त्यांनी आता पेशंट आणि विद्यार्थी येतात. आडतीच्या जागी औषधाची दुकानं. रिक्षावाल्याला "कसं आहे गाव?" विचारलं तर त्यानं जिल्ह्यात सगळ्यांना पाठ असलेलं उत्तर दिलं: "बार्शी तिथं सरशी!"

संध्याकाळी स्टेशनावर गेलो. लांबलचक फलाट, रुंद रूळ. मी जुन्या गाडीचा विषय काढला. मला काही हळवं ऐकायचं होतं, हे खरं. आत्यानं सांगितलं ते असं: बार्शी ते लातूर म्हणजे अख्खा दिवस. कोळशाचे कण डोळ्यात. येडशीच्या घाटात गाडी इतकी दमायची की पोरं उतरून रामलिंगाच्या झाडीतली बोरं वेचून पुन्हा चढायची. आषाढीला टपावर माणसं. बाळंतपणाला माहेरी येताना तिला त्या बाकावर बसवेना म्हणून ती पूर्णवेळ उभी राहिली. "लोक म्हणतात झुकझुक गाडी गेली, वाईट झालं. त्यांना म्हणावं, एकदा पोटुशी बसा त्यात." ह्यावर मला काही बोलता आलं नाही. फोटोतली बार्शी लाईट मला अजूनही आवडते, पण तिच्याबद्दल उसासे टाकण्याचा हक्क माझा नाही.

बार्शीला पूर्ण दिवस द्या. यार्डात सकाळीच जा आणि लिलावाच्या वाटेत उभं राहू नका, हमालांचा खोळंबा होतो. सुट्टी चिंच आणि ज्वारी बाहेरच्या दुकानांत मिळते. ज्वारी घेताना मालदांडी मागा. थेट सोलापूरहून यायचं तर वैरागमार्गे एसटीनं सत्तर किलोमीटर.

रविवार: केम आणि करमाळा

केमला जाणारी सकाळची एसटी आलीच नाही. तासभर वाट पाहून कुर्डुवाडीपर्यंत दुसऱ्या गाडीनं आलो आणि पुढं वडाप. जीपमध्ये किती माणसं होती ते मोजलं नाही, पण एक कोंबडीही होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चालली होती, कणसं खुडून कडबा उभा केलेला. मधूनच उसाचा हिरवा पट्टा आला की समजायचं, उजनी धरणाचं पाणी पोहोचलं.

केम हे छोटंसं गाव, मुंबई-सोलापूर लाईनवर स्टेशन असलेलं, आणि धंदा एकच सांगायचा तर कुंकू. वाड्यांच्या मागच्या खोल्यांतून, पत्र्याच्या शेडमधून कुंकू बनतं. एका कारखान्यात मालकीणबाईंनी आत बोलावलं. भिंती, पंख्याची पाती, मांजर, सगळं लालसर. जुन्या पद्धतीत हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस देऊन घोटायचं, मग पिवळ्याचं लाल होतं आणि ते सावलीत वाळवायचं. "तसं कुंकू आता मागणीपुरतंच करतो," त्या म्हणाल्या. "बाकीचा माल पिठाचा आणि रंगाचा. देवाला वाहायला स्वस्त लागतं." पंढरपूर, तुळजापूरच्या दुकानांतून हा माल जातो. आत्यानं हळदीचं पाव किलो घेतलं, तळहातावर चोळून, वास घेऊन. मग मालकीणबाईंनी आम्हा दोघींना त्यातलंच लावलं. गावच्या उत्तरेश्वराचं दर्शन घेऊन बाहेर पडलो.

केमला हळदीचं कुंकू हवं असेल तर तसं स्पष्ट सांगून मागा आणि दरातला फरक बघून दचकू नका.

करमाळ्याला पोहोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले होते. करमाळ्याला रेल्वे आली नाही. जवळचं स्टेशन जेऊर. बार्शीनं स्वतःसाठी लाईन मिळवली, करमाळ्याला ती कधी मिळाली नाही, आणि पेठेकडे पाहिलं की ते कळतं. उंच ओट्याचं दुकान मला तिथं एकच दिसलं. पण गावाजवळचं कमलाभवानीचं देऊळ पाहून डोळे निवले. राव रंभा निंबाळकर ह्या निजामाकडच्या सरदारानं १७२७ मध्ये हे काम सुरू केलं. शहाण्णव खांब, आणि जवळच शहाण्णव पायऱ्यांची विहीर. आत्या पायऱ्या मोजत निम्म्यापर्यंत उतरली आणि वर बघून म्हणाली, "बाकीच्या तू मोज."

जेवलो ते बाजार आमटी. आठवडी बाजाराच्या दिवशी मोठ्या हंड्यात शिजणारी ही आमटी. चार-पाच डाळी, भाजलेलं खोबरं-कांदा, काळा मसाला आणि वर लाल तवंग. ताटात कडक भाकरी कुस्करायची, वरून आमटी ओतायची, लिंबू पिळायचं. आता हॉटेलांत रोज मिळते. पहिल्या घासाला कान गरम झाले. आत्यानं न बोलता दोनदा वाढून घेतलं.

परतीची गाडी जेऊरहून होती आणि ती चाळीस मिनिटं उशिरा. बाकावर कंदर भागातले एक केळीबागायतदार बसले होते. उजनीच्या पाण्यावर तिकडं केळी झाली आणि आता ती आखातात जाते. मी विचारलं, स्टेशन इतकं जवळ, मग रेल्वेनं का नाही पाठवत? त्यांनी सांगितलं, मधे किसान रेल, म्हणजे शेतमालाची खास गाडी, निघाली होती तेव्हा ह्या भागातला माल गेला रेल्वेनं. पण परदेशी जाणारी केळी बागेजवळच खोक्यात भरते, तिथून थंड कंटेनरमध्ये चढते ती थेट मुंबईजवळच्या बंदरात. "केळीला जेवढे हात लागतील तेवढी ती काळी पडती," ते म्हणाले. "मधे उतरवा-चढवा चालतच नाही."

आत्यानं त्यांना भाव विचारला. भाव ऐकून म्हणाली, "मग आम्हाला लातुरात ह्या दरात ती पिचकी कोण विकतंय?" गाडी येईपर्यंत दोघांचं त्यावरच चाललं होतं.